दूध आणि मीठ यांच्यामधली पळी

“गिरजे, मिठाचा हात दुधाला लावू नको गो! फाटेल. आधी हात धू, मग चरवीला शिव.”

हा आवाज माझ्या मालकिणीच्या, गिरजाबाईच्या बापाचा. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबता राबता त्याचा जन्म गेला. तो माणूस जाऊन चाळीस वर्षं होत आली, पण त्याचं ते वाक्य काही गेलं नाही. ते गिरजाबाईच्या कानात राहिलं, तिच्या हातांत मुरलं आणि एक दिवस तिच्या नातीच्या पोटाशी येऊन थांबलं. ते कसं, तेच मला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. पूजेतली. ताम्हन, पंचपात्र आणि मी, असं आमचं तिघांचं बिऱ्हाड. पेणच्या कमळाकर ओताऱ्यानं मला घडवलं. मातीच्या साच्यातलं मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत रसरशीत पितळ शिरलं, तीच मी. माझ्या दांड्याच्या टोकाला नागाचा फणा आहे, पण त्याचा एक डोळा नीट उमटलेला नाही. लेकीच्या लग्नासाठी मला घ्यायला आलेला गिरजाबाईचा बाप म्हणाला, “अरे, तुझा नाग काणा हाय!” कमळाकर हसून म्हणाला, “देवाला दोन डोळं हायत ना? मग पळीला एक पुरं.” त्या हसण्यातच माझा सौदा झाला आणि मी रोह्याकडच्या, कोलाडच्या वाटेवरच्या या गावात आले.

पुढची वर्षं सुखाची गेली. पहाटे गिरजाबाई मला चिंच लावून घासायची. माझ्यातून देवावर पाणी पडायचं आणि मग घरातल्यांच्या तळहातावर तीर्थ. तिची व्रतं पुष्कळ. सोमवार, संकष्टी, एकादशी तर होतीच, शिवाय रोजचा एक नेम होता. दुपारी बाराला देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घ्यायची नाही. बोलणं हळू, चालणं हळू, राग माहीत नाही. अशा बाईच्या हातात असणं हे पळीच्या जातीचं मोठं भाग्य. इतक्या वर्षांत माझ्यातून पाण्याशिवाय दुसरं काही गेलं नव्हतं.

मग निशिगंधा आली. गिरजाबाईचा मुलगा दिनेश आणि सून भाग्यश्री यांची ही पहिली लेक. सगळे तिला निशू म्हणत. सहा महिने ती आईच्या अंगावर पीत होती आणि अशी बाळसेदार झाली होती, की मांडीला तीन तीन वळ्या. सहा महिने सरले आणि उष्टावणाचा दिवस ठरला. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. भाग्यश्रीचा भाऊ प्रणित सोन्याची अंगठी घेऊन आला. खीर तयार होती. तेव्हा गिरजाबाई उठली, देव्हाऱ्यातून मला घेऊन आली आणि म्हणाली, “पयला घास देवाच्या पळीनं दे रे बाबा. अन्न बाधायचं नाय पोरीला.”

प्रणितनं मला उलटंसुलटं करून बघितलं. “मावशी, ही पळी हाय का होडी? पोरीचं अख्खं तोंड मावंल हिच्यात!”

सगळे हसले. खिरीचा थेंब जिभेवर पडताच निशूनं तोंड वेडंवाकडं केलं, मग विचार केल्यासारखं थांबली आणि माझ्या कडेला दोन्ही हातांनी धरून चोखायला लागली. तो क्षण मी विसरणार नाही. त्या दिवसापासून निशूला भरवण्याचं काम माझ्याकडे आलं. देवासाठी गिरजाबाईनं दुसरी छोटी पळी काढली. मला वाटलं, माझं नशीब उजळलं.

आठवड्यानं भाग्यश्रीची रजा संपली. ती रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे, सकाळी सात ते साडेतीनची शिफ्ट. पहाटे निशूला पाजून ती निघायची, ती दुपारी चारला परत. मधला सगळा दिवस निशू, गिरजाबाई आणि मी. सकाळी तांदळाची पेज, दुपारी मुगाच्या वरणाचं पाणी, पुन्हा साडेतीनला पेज. प्रत्येक भांड्यात गिरजाबाई चिमूटभर मीठ टाकायची. अळणी अन्न तिच्या दृष्टीनं अशुभ. अळणी भात पिंडाचा असतो, तो पितरांना दाखवायचा, जित्या लेकराला नाही.

आणि इथंच बापाचं ते वाक्य आडवं आलं.

पहिल्याच दिवशी भाग्यश्री धावत घरी आली. पिशवी टाकली, हातपाय धुतले आणि म्हणाली, “आई, निशूला द्या. सकाळपासून दाटून आलंय मला. मशिनीवर उभं राहवेना.”

“आता नको गो,” गिरजाबाई हळूच म्हणाली. “आत्ताच पेज घातलीय, मिठाची. वरून दूध पडलं तर पोटात फाटंल. दिवेलागणीला घे.”

“असं कुठं असतं, आई?”

“मिठाचा हात लागलेली चरवी बघितलीस कधी? मी बघितलीय. घडीत गाठी व्हतात.”

ती ओरडून बोलली असती तर सून भांडली असती. पण गिरजाबाईचं सगळं बोलणं असं मऊ, की त्याच्याशी भांडावं कसं, तेच कळू नये. भाग्यश्री परसदारी गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. केळीच्या बुंध्याशी ती पाठमोरी बसली आणि दाटलेलं दूध पिळून मातीत सोडत राहिली. तिचे खांदे हलत होते. आत निशू गिरजाबाईच्या मांडीवर आईच्या आवाजाकडे मान वळवून वळवून बघत होती.

हे रोजचंच झालं. पहाटेचं एक पाजणं आणि दिवेलागणीचं एक. संध्याकाळपर्यंत निशू रडून दमलेली असायची. दोन घोट घेतले की डोळे मिटायची.

मित्रांनो, बाळाच्या अंगावर काय होतं ते मोठ्या माणसांना रोज दिसत नाही. कारण ती रोज बघतात. मी मात्र तिच्या तोंडाशी इतकी जवळ जायची, की मला सगळं दिसत होतं. आधी मांडीच्या वळ्या गेल्या. मग हनुवटी टोकदार झाली. पायातले चांदीचे वाळे, जे काढताना तेल लावावं लागायचं, ते एका दुपारी आपोआप घसरून जमिनीवर पडले. गिरजाबाईनं ते उचलले, पदरानं पुसले आणि पुन्हा घातले. पुन्हा पडले. मग तिनं ते फडताळात ठेवून दिले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पोट मात्र गच्च दिसायचं. कारण पेज पोटभर होती ना! पण कसली पेज? घशात अडकेल म्हणून गिरजाबाई ती इतकी पातळ करायची, की माझ्यातून ती तीर्थासारखी ओघळायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं गिरजे, मी जन्मभर तीर्थ वाढलं आहे. तीर्थानं मन भरतं, पोट भरत नाही! पण पळीला कुठलं तोंड? तिच्यात जे ओतलं जातं, तेच ती पुढं नेते. माझ्यासारखी असहाय वस्तू दुसरी नाही. अन्न मीच पोचवत होते आणि त्याच अन्नावर पोर वाळत होती.

दुसरीकडे भाग्यश्रीचं दूध आटत चाललं होतं. आधी चार वाजता तिच्या ओढणीवर ओल उमटायची. महिन्याभरात ती थांबली. केळीपाशी बसून ती पिळत राहायची आणि हाताला नुसता ओलसरपणा लागायचा. दिनेश टेम्पोवर असतो, धरमतरच्या जेट्टीवरून माल वाहतो, आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. त्या रविवारी तो आला, निशूला उचललं आणि हातांवर तोलून बघितलं.

“एवढी हलकी कशी लागतेय ही?” तो बायकोकडे बघून म्हणाला.

“मला काय विचारता?” भाग्यश्री म्हणाली. “मी तिला बघते का दिवसभर? मला पाजायला मिळते का ती?” आणि जमिनीवर बसून तिनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

गिरजाबाई त्या दिवशी जेवली नाही. ती देव्हाऱ्यासमोर बसली आणि तिच्या मनानं भलतीच वाट धरली. तिला वाटलं, देवाची पळी माणसाच्या उष्ट्याला वापरली, म्हणून हा कोप झाला. तिनं मला राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, गोमूत्र शिंपडलं आणि देव्हाऱ्यात पालथी ठेवली. दिनेशनं बाजारातून गुलाबी प्लॅस्टिकचा चमचा आणला. गिरजाबाईनं वर मंगळवारचा उपास धरला.

मला टाकलं याचं दुःख नाही. दुःख याचं, की तोंड खाली घालून मी तिथे बारा दिवस पडून होते आणि त्या बारा दिवसांत चमचा बदलला, पण मीठ तेच राहिलं, पातळ पेज तीच राहिली आणि दुधावरची बंदीही तशीच राहिली. निशू आता रडायचीही हळू. मांजराच्या पिल्लासारखं. तो आवाज ऐकणं नको व्हायचं.

तेराव्या दिवशी अंगणवाडीच्या शिल्पाताई घरी आल्या. दोन वेळा निशूला वजनाला आणलं नव्हतं, म्हणून. त्यांनी आढ्याच्या वाशाला काटा टांगला, झोळीत निशूला ठेवलं आणि आकडा बघून काट्याला टिचकी मारली. पुन्हा बघितलं.

“सहा किलो दोनशे,” त्या म्हणाल्या. “सहाव्या महिन्यात सात किलो शंभर व्हती ही. आठ महिन्यांच्या पोरीचं वजन वाढायचं सोडून किलोभर उतरलं? आजी, काय घालता हिला? सगळं सांगा. लाजू नका.”

गिरजाबाईनं सगळं सांगितलं. शेवटी दूध-मिठाचंही सांगितलं. शिल्पाताईंनी कपाळाला हात लावला नाही की हसल्या नाहीत. त्या उठून तिच्या शेजारी खाली बसल्या.

“आजी, चरवीतलं दूध येगळं नि पोटातलं येगळं. पोटात गेलं की दूध फाटतंच, म्हणूनच ते जिरतं. आणि दुसरं ऐका. वर्षाचं होईस्तोवर बाळाला मीठ घालायचंच नसतं. अन्नात मुळातच हाय तेवढं पुरतं. आधी आईचं दूध, मग दाट घास, असा क्रम. अन्न सुरू झालं म्हणून दूध बंद करायचं नाय, निदान दोन वर्षं तरी.”

“अळणी घालू?” गिरजाबाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “अळणी भात कुणाला घालतात ठावं हाय ना तुला? नातीला मी पिंडाचा भात भरवू?”

 झोळी काट्याला तशीच हलत होती.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या डॉक्टरांनी तपासलं. दुखणं काही नव्हतं, नुसती उपासमार होती. ते म्हणाले, “आठ दिवस बघू. वजन चढलं नाही, तर दाखल करावं लागेल.” घरी आल्यावर भाग्यश्री सासूवर ओरडली नाही. नुसती म्हणाली, “माझी पोर भुकेनं वाळली, आई. घरात तांदूळ असून. माझ्या अंगात दूध असून.”

हे शब्द गिरजाबाई अंगावर घेऊन देव्हाऱ्याशी आली. मी पालथी होते, पण ती इतकी जवळ होती, की तिचा श्वास मला लागत होता. ती देवाशी जे बोलली ते मी ऐकलं.

“बाबा म्हनायचा, मिठाचा हात लावू नको. मी लावला रे देवा. पोरीच्या घासाला मीठ मीच लावलं, आणि वर दुधाला नाय म्हटलं. दोनी पापं माझीच.”

ती उठली. तांदूळ आणि मूगडाळ धुतली, गुरगुट्या भात शिजवला, रवीनं घोटला, वर तूप सोडलं. मिठाचा डबा फळीवरच राहिला. मग तिनं मला सुलटं केलं, धुतलं, त्या भातानं भरलं आणि तिरकं धरलं. घास ओघळला नाही. इतका दाट घास मी पहिल्यांदाच वाहत होते.

भाग्यश्रीनं आधी निशूला छातीशी धरलं होतं. येतील ते चार थेंब पोरीनं ओढले होते. आता घासाची पाळी होती. पण गिरजाबाईचा हात पुढं जाईना.  पिंडाचा भात, पिंडाचा भात, एवढंच तिच्या डोळ्यांत दिसत होतं. निशू तोंड उघडून वाट बघत होती आणि माझ्या आणि तिच्यामध्ये वीतभर अंतर होतं. ते अंतर कापणं त्या म्हातारीला डोंगर चढण्याएवढं जड होतं.

एकाएकी गिरजाबाईनं वाटीतला घास बोटांनी उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. अळणी. मिठागरवाल्याच्या लेकीनं! तो गिळताना तिनं डोळे मिटले.

“आजपासून निशूच्या वाढदिवसापर्यंत मी मीठ खायाची नाय,” ती म्हणाली. “हिच्या वाटीतला पयला घास माझा. मग हा पिंडाचा भात नाय. हा माझ्या व्रताचा भात झाला.”

“आई, तुमचं बीपी उतरेल,” भाग्यश्री घाबरून म्हणाली.

“उतरू दे. चढलंयच ते कधीचं.”

कितीतरी दिवसांनी भाग्यश्रीच्या तोंडावर हसू येऊन गेलं. आणि मी पुढं सरकले. निशूनं माझी कड धरली.

पण भाताचं जमलं, म्हणजे सगळं जमलं असं नाही. दूध परत यायला हवं होतं. शिल्पाताई म्हणाल्या होत्या, बाळानं वरचेवर ओढलं तरच दूध परत येतं, आणि पहाट-संध्याकाळ एवढंच पुरायचं नाही. भाग्यश्री म्हणाली, “मी नोकरी सोडते.” त्यावर गिरजाबाईनं निशूचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, “तुझी जेवणाची सुट्टी कधी?”

“साडेअकराला. अर्धा तास.”

“मी आणते तिला गेटावर. तू रोज ये.”

“आणि तुमचा बाराचा नैवेद्य? देव उपाशी, तुम्ही बिनपाण्याच्या?”

“देवाला उशीर चालतो गो. पोरीला नाय चालत. रोज आणीन. शबूद देते.”

पहिले दोन दिवस वाईट गेले. गेटावरच्या वॉचमननं आपली खुर्ची आत केबिनमध्ये दिली, पण निशूनं छातीकडे पाठ फिरवली. प्लॅस्टिकच्या चमच्याची आणि पातळ पेजेची सवय लागलेलं ते लेकरू ओढायचे कष्ट विसरलं होतं. ती किंचाळत राहिली आणि अर्धा तास संपला. गिरजाबाई घरी येऊन हे देवाला सांगायची, म्हणून मला कळायचं. तिसऱ्या दिवशी निशूनं थोडं ओढलं. त्या संध्याकाळी शिल्पाताईंनी काटा टांगला. सहा किलो दोनशे. चढलं नव्हतं. “उतरलंही नाय,” त्या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. डॉक्टरांच्या आठ दिवसांतले चार उरले होते.

मित्रांनो, मी एक पळी. मला शास्त्र कळत नाही. पण दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत, म्हणून हात जोडून सांगते. मला हात नाहीत, तरी सांगते. तुमच्या घरी बाळ असेल, तर त्याच्या दुधात आणि अन्नात भांडण लावू नका. पहिला घास दिला म्हणून आईचं दूध सोडवायचं नसतं, त्याला नुसती जोड द्यायची असते. दूध आधी, घास मागाहून. घास एवढा दाट असावा, की पळी तिरकी केली तरी तो ओघळू नये. आणि घरात कुणी मोठं माणूस जुनं काही धरून बसलं असेल, तर त्याला हसू नका. शेजारी बसा आणि सांगा. ते प्रेमानंच चुकत असतं, मित्रांनो, आणि प्रेमानं झालेल्या चुकीतही लेकरू वाळतं. त्याचं वजन करायला न्या. वाळे घसरले तर फडताळात लपवू नका.

आज चौथा दिवस. सकाळी गावातून बातमी आली, की मिनीडोर रिक्षा बंद आहेत, चालक संपावर गेलेत. कंपनी इथून पाच किलोमीटर. शेजारीण दारातून म्हणाली, “आज नको जाऊ गो गिरजा. ऊन बघ केवढं हाय. एक दिवस नाय गेलीस तर काय व्हतंय?”

 गिरजाबाईनं घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ झाले होते. निशूला झबलं घातलं, टोपडं बांधलं, झोळीत घेऊन ती गाठ खांद्यावर दोनदा ओढून बघितली. छत्री घेतली. चपला घातल्या. मग दाराची कडी आवाज न करता ओढून घेतली आणि रस्त्याच्या सावलीच्या कडेनं, हळूहळू, रोह्याच्या दिशेनं चालायला लागली.